काकांचा इनेव्हिटेबल

अख्ख्या बदलापुरात ‘इनेव्हिटेबल’ हा शब्द दोनच ठिकाणी नीट सापडतो, एक डिक्शनरीत आणि दुसरा माझ्या मावशीच्या यजमानांच्या तोंडी. काकांची आणि या शब्दाची ओळख अंबरनाथच्या कारखान्यात झाली. ते तिथे फिटर होते. एके सकाळी फाटकावर इंग्रजी नोटीस लागली, तीत कारखाना बंद होणं इनेव्हिटेबल असल्याचं लिहिलं होतं. सोबत्यांनी अर्थ विचारला, काकांना सांगता आला नाही. घरी येऊन त्यांनी डिक्शनरी काढली. अटळ, अपरिहार्य. पुढे सहा महिन्यांत नव्या मालकाने त्याच शेडमध्ये तीच यंत्रं चालू केली, तेव्हा आपल्याला शब्दात फसवलं, हे काकांच्या मनात कायमचं बसलं.

तेव्हापासून हा शब्द कोणी भलतीकडे वापरलेला त्यांना खपत नाही. सोसायटीच्या सेक्रेटरींनी ग्रुपवर टाकलं की आज पाणी न येणं इनेव्हिटेबल आहे, तर काका पाना घेऊन टाकीवर चढले, अडकलेला फ्लोट सोडवला आणि खाली येऊन ग्रुपवर दुरुस्ती टाकली, की त्या शब्दाच्या जागी ‘आळस’ असं वाचावं. उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये एक सिंधी दुकानदार सहज बोलून गेला की पहिल्या धुण्यात जीन्सचा रंग जाणं इनेव्हिटेबल. काकांनी त्याला गिऱ्हाइकांसमोर पंधरा मिनिटं समजावलं, की म्हातारपण इनेव्हिटेबल, मरण इनेव्हिटेबल; कच्चा रंग नव्हे. शेवटी त्याने हात जोडले. “काका, दुसरी पँट घ्या, पर ये क्लास बंद करा.”

गेल्या वर्षी मावशीच्या पायाची जखम साखरेमुळे चिघळली. डॉक्टर म्हणाले, गुडघ्याखाली पाय काढणं इनेव्हिटेबल आहे. मी धसकून काकांकडे पाहिलं. पण ते वादात शिरले नाहीत. त्यांनी रिपोर्ट उचलले आणि आम्ही दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो, मग तिसऱ्यांकडे. दोघांनीही तेच सांगितलं. बाहेर येऊन काकांनी रिपोर्ट नीट लावून पिशवीत ठेवले. मग म्हणाले, “शब्द बरोबर वापरलाय त्यांनी.”

मावशी इस्पितळात होती तेवढ्या दिवसांत त्यांनी स्वयंपाकघराचा ओटा फोडून चाकाच्या खुर्चीच्या उंचीला बसवून घेतला. परवा गेलो तेव्हा ती खुर्चीत बसून भाकरी थापत होती. “अहो, दोन बोटं जास्तच खाली झालाय,” ती म्हणाली.

काका टेप काढून मोजायला बसले.