संकटाची खूण

चष्म्याच्या दुकानदाराला अख्खी बाजारपेठ 'बंधुवर्य' म्हणायची, आणि हा गडी तो आपला मान समजायचा. बंधुमंडळ नावाच्या पुरुषांच्या शपथबद्ध संस्थेत दर शनिवारी नव्या सभासदांना तत्त्वं शिकवायचं काम त्याच्याकडे होतं. खरं बोलावं, अडल्याच्या हाकेला धावावं आणि मंडळाची गुपितं फोडू नयेत, अशी ती तीन तत्त्वं. तिन्ही तोंडपाठ होती, आणि तोंडाच्या खाली एकही उतरलं नव्हतं.

बायकोला हे पक्कं ठाऊक, कारण तालीम घरातच चालायची. ती त्याच्या मंडळाच्या, छातीवर तिरका घालायच्या निळ्या पट्ट्याला इस्त्री करायची आणि हा आरशासमोर संकटाची खूण घोटायचा. दोन्ही हात डोक्यावर, मग एकदम खाली, असं तीनदा. खूण दिसली की प्रत्येक बंधूनं हातातलं काम टाकून धावायचं, अशी शपथ होती म्हणे. बावीस वर्षं तिनं हा तमाशा पाहिला. शेंबड्या पोरांचा खेळ परवडला, त्यात निदान कुणी धावतं तरी.

सख्खा धाकटा भाऊ वरच्याच मजल्यावर राहायचा, दुकानांच्या पाट्या रंगवायचा. त्याच्याशी बंधुवर्य नऊ वर्षं बोलत नव्हते. गुन्हा काय, तर पट्टा घातलेल्या भावाला जिन्यात बघून तो म्हणाला होता, "दादा, बँडमध्ये कधीपासून?" हसली तर बायकोही होती. पण तिच्याशी अबोला धरला असता तर जेवायला कोणी वाढलं असतं?

एका शनिवारी दुपारी हा दीर घराचं छत रंगवताना शिडीवरून पडला. कमरेखाली हलेना. अँब्युलन्स आली, पण ड्रायव्हर एकटा, लिफ्ट नाही आणि जिना चिंचोळा.

"चार माणसं आणा बाई," ड्रायव्हर म्हणाला. "पाठीचा मणका आहे. वळणावर वाकडा झाला तर जन्माचा अधू होईल."

नवऱ्याचा फोन सभेमुळे बंद. ती रस्ता ओलांडून तडक मंडळाच्या सभागृहात घुसली. दारावरचा बंधू "बायकांना मनाई आहे" म्हणेपर्यंत ती आत होती. समोर सत्तावीस पट्टेवाले, आणि व्यासपीठावर नवरा, नेमकं दुसरं तत्त्व समजावत.

"माझा दीर पडलाय, चार जण चला ना," ती म्हणाली.

"ताई, सभा चालू आहे," अध्यक्ष म्हणाले.

मग तिनं दोन्ही हात डोक्यावर घेतले आणि खाली आणले, तीनदा.

सगळेच्या सगळे उठले. क्षणभर तिला स्वतःची लाज वाटली, उगाच नावं ठेवली या माणसांना.

"हिला खूण शिकवली कुणी?" अध्यक्ष कडाडले.

सगळ्या माना व्यासपीठाकडे वळल्या. खरं सांगितलं तर पट्टा जाणार होता.

"मी नाही," बंधुवर्य म्हणाले. "घरी मी मंडळाचं अक्षर काढत नाही. तिनं चोरून पाहिलं असेल."

"अहो, तो वर पडलाय. तुमचा भाऊ!"

"आधी चौकशी होऊ दे," तो तिच्याकडे न बघता म्हणाला.

तिला त्याची किळस आली. ती बाहेर पडली. कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला आणि शिवणाच्या दुकानातल्या दोघी हाकेसरशी आल्या, कुणी काही विचारलं नाही. ड्रायव्हर नि ती धरून पाच जणांनी स्ट्रेचर वळणावर कठड्याच्या वर उचललं, तसूभरही वाकू न देता खाली आणलं. शपथ यातल्या एकानंही घेतलेली नव्हती.

"पायाची बोटं हलतायत," हॉस्पिटलमध्ये डॉक्टर म्हणाले. "नीट आणलंत. लगेच ऑपरेशन करू."

खिडकीतल्या कारकुनानं अर्ज पुढे सरकवला. "सहीला जवळचं कोण? भाऊ आहे का पेशंटला?"

"नाही."

"मग तुम्ही कोण?"

"बहीण," ती म्हणाली आणि सही केली.