ठिपक्यावर पाळत

आमच्या घरात माणसं तीन आणि ई-मेल खातं एक. चूल एक, तर खातंही एकच, हा नियम माझाच. पासवर्ड स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहिलेला!

रायपुरातल्या समता कॉलनीतल्या डॉक्टरांनी माझं गोड बंद केलं, त्याच दिवशी मी कॉम्प्युटरवर गुपचूप शोधलं, ‘शुगरवाल्याने जिलबी खाल्ली तर चालते का?’ दुपारी बायकोच्या मोबाइलवर जिलब्यांच्या जाहिराती सुरू!

“अहो, हे जिलबीवाले माह्या मोबाइलवर काहून येऊन राहिले?”

“कंपन्या पाळत ठेवतात आपल्यावर! हा मानवाधिकारांवर हल्ला आहे!” मी कडाडलो. (पकडलं गेल्यावर माणसाला तत्त्वं फार पटकन आठवतात.)

मग मी युद्धच पुकारलं. शोधांची सगळी हिस्ट्री पुसली. कॅमेऱ्यावर पट्टी चिकटवली. प्रत्येक साइट विचारायची, ‘कुकीज स्वीकारा’; नकाराचं बटण इतकं बारीक, की चष्मा लावून शोधायचो, पण दाबायचोच!

गुरुवारी जेवताना मी गरजलो, “माणूस काय शोधतो, कुठं जातो, हे फक्त त्यालाच माहीत असावं! कोणाच्या बापाला विचारायचा हक्क नाही!”

“पापा,” आमची ऋचा शांतपणे तिच्या रायपुरी हिंदीत म्हणाली, “तो फिर मेरे फोन पर वो नक्शेवाला ऐप क्यों डाला?”

आता आली पंचाईत! तिचं कॉलेज नवा रायपुरात, माझं ऑफिसही तिथंच. सहा महिने मी ऑफिसात बसून नकाशावर तिचा ठिपका बघत होतो. सकाळी जातो, संध्याकाळी परततो. सरळ पोट्टी! पण मंगळवारी तो वाटेवरच्या तेलीबांध्याला चाळीस मिनिटं थांबलेला. मीही तेव्हा तिथंच होतो, म्हणून जास्तच घाबरलो. हिनं मला पाहिलं तर नाही? तिनं तोंड उघडण्याआधी मीच हल्ला केला.

“ती सुरक्षा आहे! मंगळवारी तेलीबांध्याले चाळीस मिनिटं काय करून राहिली होती तू?”

“मंगल को? मुझे तो बुखार था। घर पर थी।”

“हव,” बायको म्हणाली, “तुम्ही ऑफिसात गेल्यावर ताप चढला तिले. मीच तर कपाळावर पट्ट्या ठेवून राहिली होती.”

ऋचानं माझा मोबाइल उचलला आणि हसत सुटली. “पापा, खाता एक ही है ना! आपने मेरा नहीं, अपना फोन चुना है। ये डॉट आप हो!”

बायकोनं मंगळवारचा नकाशा बोटांनी मोठा केला. ठिपका जिलबीच्या दुकानावर बरोब्बर बसला होता.

मला खरंच लाज वाटली, आणि जिलबीची तर सगळ्यात कमी. ज्या पोरीवर सहा महिने संशय घेतला, तिनं मला एका शब्दानंही दुखावलं नाही. मी ताठ उभा राहिलो. “आजपासून या घरात कोणावर पाळत नाही! ऋचा, काढून टाक ते ॲप!”

“तिच्या फोनातलं काढ,” बायको म्हणाली. “यांच्या फोनातलं राहू दे.”

अशी आमच्या घरात मानवाधिकारांची लढाई जिंकली गेली. पोरगी स्वतंत्र झाली, आणि मी रोज संध्याकाळी तेलीबांध्यावरून मान खाली घालून सरळ घरी येतो, कारण माझा ठिपका आता बायको बघते!