खुर्शीदाचा संशय

खुर्शीदा दूधवाल्यावर संशय घेते, रिक्षावाल्यावर घेते, हवामान खात्यावर तर घेतेच. बाररूममध्ये कुणी पेढे वाटले की ती विचारते, कशाबद्दल? उत्तर मिळालं की पुन्हा विचारते, आणि खरं कशाबद्दल? नाशिकच्या कोर्टात मी कैक वर्षं तिच्या शेजारच्या टेबलावर बसते. सलग दोन दिवस मी डब्यात एकच भाजी आणली तर माझ्या घरी काहीतरी बिनसलंय असं ती ठरवून टाकते. बहुतेक वेळा बिनसलेलं असतं, तो भाग वेगळा.

मी तृप्ती. जमिनीच्या वाटपाचे दावे चालवते; भाऊ भावाशी भांडला की माझी चूल पेटते. खुर्शीदाचं काम निराळं. मालेगावच्या एका यंत्रमागवाल्याची ही मुलगी विधी सेवा प्राधिकरणाच्या यादीवर आहे. ज्या पोरांवर गुन्हे दाखल होतात आणि ज्यांच्या घरच्यांना वकील परवडत नाही, त्यांची बाजू ती बाल न्याय मंडळापुढे मांडते. मोबाइल उचलणारी, मोटरसायकली पळवणारी, कोयता हातात घेऊन रील काढणारी पोरं. पोलिसांचा कागद ती उलटा धरूनही वाचून बघते, आणि सगळ्यांत कमी विश्वास तिचा आपल्याच अशिलावर असतो.

"जे पोर पहिल्याच भेटीत 'हो, मीच केलं' म्हणतं," ती मला सांगायची, "त्याच्या मागे कुणीतरी मोठं माणूस लपलेलं असतं." यात तिचं फारसं चुकत नसे. मोठ्यांनी करायचं आणि लहानग्याला पुढे ढकलायचं, हा प्रकार आपल्याकडे नवा नाही. 'मायनरला काय होत नाही' हा सल्ला तर चहाच्या टपरीवर फुकट मिळतो.

कानिफची केस अशीच आली. हे त्याचं खरं नाव नाही आणि त्याच्या घरच्यांचीही नावं मी बदललेली आहेत. गाव लासलगावकडचं, एवढंच सांगते. त्याच्या आईने, सुमनबाईंनी, हे लिहायला हो म्हटलं तेव्हा तीच एक अट घातली होती.

सुमनबाई कांद्याच्या शेडमध्ये निवडणीला जायच्या. शेडचा मुकादम चिमाजी. एका संध्याकाळी कानिफने शेडच्या दाराचा लोखंडी अडसर चिमाजीच्या डोक्यात घातला. चिमाजी दवाखान्यात काही दिवस काढून वारला. कानिफ पळाला नव्हता. पोलीस आले तेव्हा तो शेडबाहेर बसलेला होता आणि त्याचं एकच वाक्य होतं: "त्यानं मला शिवी दिली, म्हणून मारलं."

पोलिसांना तेच वाक्य, खुर्शीदाला तेच, समुपदेशकालाही तेच. खुर्शीदाच्या मनात पाल चुकचुकली. खरं सांगणारं पोर दर वेळी थोडं इकडचं तिकडे करतं, असं तिचं म्हणणं. हे पाठ केलेलं होतं.

कानिफला सतरावं लागलेलं होतं आणि तिथेच सगळी भीती होती. सोळा पूर्ण झालेल्या मुलावर खुनाचा आरोप असला, की मंडळ आधी एक गोष्ट ठरवतं. याला मूल समजून आपल्याकडेच ठेवायचं, की मोठ्या माणसासारखा खटला चालवायला वरच्या न्यायालयात पाठवायचं? त्यासाठी मुलाची समज पाहतात आणि गुन्हा कुठल्या परिस्थितीत घडला तेही पाहतात. एका शिवीसाठी माणूस मारणारा आणि नंतर शांत बसून राहणारा मुलगा कुणालाही मूल वाटला नसता. तिकडे गेला असता तर ऐन तारुण्य तुरुंगात.

मंडळाच्या व्हरांड्यात बसून खुर्शीदाला सवय झालेली आहे ती आयांची. पोराला निरीक्षणगृहातून आणलं की आई आधी त्याच्या पाठीत धपाटा घालते, मग गळ्यात पडून रडते, मग पुन्हा शिव्या घालते. सगळ्या जातींच्या, सगळ्या धर्मांच्या आया हेच करतात. पोलीससुद्धा त्या वेळी तोंड फिरवून उभे राहतात. सुमनबाईंनी यातलं काहीच केलं नाही. त्यांनी कानिफच्या पाठीवरून हात फिरवला आणि खाली मान घालून बसल्या. मग खुर्शीदाला पहिलाच प्रश्न विचारला, "ताई, याच्यामुळं मोठ्याच्या भरतीला काय अडचण नाय ना यायची?"

मोठा म्हणजे नवनाथ. पोलीस भरतीची तयारी करत होता. तो भावाला भेटायला एकदाही आला नव्हता.

"बघ," खुर्शीदा बाररूममध्ये मला म्हणाली, "मारलं मोठ्याने. त्याची भरती वाचवायला धाकट्याला पुढे केलं. आणि हे केलं आईने. म्हणून तर तिच्या तोंडून रागाचा शब्द निघत नाही."

मला पटलं. वाटपाच्या दाव्यांत मी आया बघितलेल्या आहेत. दोन पोरांत एकाला जास्त घालणाऱ्या आया मला नवलाच्या नव्हत्या. खरं सांगायचं तर सुमनबाईंचा मला संताप आला होता. खुर्शीदाने माझंही नाव वकीलपत्रावर घातलं आणि आम्ही माझ्या गाडीतून लासलगावकडे निघालो. माझ्या गाडीचं इंजिन वेगळा आवाज करतंय असं ती निफाडपर्यंत म्हणत होती.

नवनाथ रस्त्यावरच सापडला. संध्याकाळी गावातली भरतीची पोरं ओळीने पळत होती. कांद्याचे ट्रॅक्टर त्यांच्या अंगावर धूळ उडवत जात होते. मी गाडी त्याच्या शेजारून हळू चालवत ठेवली आणि खुर्शीदाने खिडकीतून उलटतपासणी सुरू केली. तो पळता पळताच उत्तरं द्यायला लागला. शेवटी दमला, थांबला आणि कमरेवर हात ठेवून आमच्याकडे बघायला लागला.

"तुम्ही नक्की कोनाच्या वकील?" त्याने विचारलं. "पोलिसांच्या का?"

"तुझ्या भावाची. त्या संध्याकाळी तू कुठे होतास?"

"देवळाली कॅम्पाला. मावशी हाय तिथं. तवा तिच्याकडंच राहून रोज सकाळी अ‍ॅकॅडमीत पळायला जायचो मी, विचारा तिथल्या सरांना."

"विचारणारच आहे. भावाला भेटायला का गेला नाहीस?"

"आई म्हनती, जाऊ नको." मग त्याचा चेहरा आंबट झाला. "आन मला बी जायचं नाय. एका शिवीपायी वाटोळं केलं त्यानं. आता पडताळणीला लोक घरी येतील, तर काय सांगायचं? धाकटा खून करून बसलाय म्हनून?"

तो खोटं बोलत असेल तर फार छान बोलत होता. खुर्शीदाने डोळे बारीक केले. "आणि आई? आई काय म्हणते त्याला?"

"कायबी नाय. बोलतच नाय कुनाशी. मी दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं आलो, तर चुलीपुढं बसून साडी जाळत व्हती. चांगली निळी साडी. म्हटलं, आगं गोधडीला ठेव की. तर म्हने, फाटली."

"रक्त होतं साडीवर?"

"नाय. फाटली व्हती. खांद्यापासनं."

खुर्शीदाने खिडकीची काच वर घेतली. मला म्हणाली, "गाडी वळव."

परतताना इंजिनाबद्दल तिने काही काढलं नाही. मग म्हणाली, "तृप्ती, तुझ्या आईने कधी साडी जाळली?"

माझ्या आईच्या साड्या आमच्या अंगावर आहेत, थंडीत. विरलेली, फाटलेली, डाग पडलेली, प्रत्येक साडी गोधडीत गेली. कांदा निवडणाऱ्या बाईने साडी चुलीत घालावी, म्हणजे ती साडी पुन्हा डोळ्यांसमोर नको होती. मला उशिरा कळलं, पण कळलं. नवनाथवर घेतलेला संशय त्याच रस्त्यावर राहिला आणि गाडीत आमच्यापाशी जे उरलं ते त्याहून वाईट होतं.

दुसऱ्या दिवशी ती कानिफला भेटली. मीही होते. तिने आडून आडून विचारलं, कुणाचं नाव न घेता. कानिफ आजवर कधी आवाज चढवून बोललेला नव्हता. तो उठून उभा राहिला.

"आईचं नाव मंडळाच्या खोलीत काढायचं नाय," तो म्हणाला. "काढलं तर मी सांगीन, मला ही वकील नको."

"तुला मोठ्यांच्या कोर्टात पाठवतील."

"पाठवू द्या."

वकिलाला अशिलाने नको म्हटलं की नको. खुर्शीदाला सगळं कळलेलं होतं आणि ते तोंडातून काढायची परवानगी नव्हती. त्या आठवड्यात तिने कशावरच संशय घेतला नाही. मला तिची काळजी वाटायला लागली.

शेवटी तिने सुमनबाईंना व्हरांड्याच्या टोकाला बोलावलं. कानिफ काय म्हणाला ते सांगितलं नाही. मंडळ काय ठरवणार आहे आणि त्याच एका वाक्यावर सोडलं तर कानिफचं काय होईल, तेवढं सांगितलं.

सुमनबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मग म्हणाल्या, "यांच्या कानावर गेलं तर मला घरात घ्यायचे नायत." 'हे' म्हणजे कोंडाजी, नवरा. कांद्याच्या ट्रकवर ड्रायव्हर, महिन्यातून काही दिवस घरी. "म्हनतील, तूच हसली असशील. आन नवनाथला काय तोंड दाखवू?"

"मंडळाच्या खोलीचं दार बंद असतं," खुर्शीदा म्हणाली. "बाहेरचं कुणी नसतं. पण बाहेर कधीच जाणार नाही, असं मी सांगणार नाही. मी कुणाचीच खात्री देत नाही."

मी मनात म्हटलं, बाई, आज तरी खोटं बोल. पण ती बोलली नाही. सुमनबाई बसस्टँडकडे निघून गेल्या. त्या येतील की नाही, हे आम्हा दोघींनाही ठाऊक नव्हतं.

ठरल्या दिवशी त्या आल्या. नवनाथच्या मोटरसायकलवर. त्याला खालीच थांबायला सांगितलं होतं. खोली म्हणजे साधीच. मधे एक टेबल, त्यामागे दंडाधिकारी बाई आणि मंडळाचे दोन सदस्य. कानिफला विचारलं, काय झालं होतं? त्याने सांगितलं, "त्यानं मला शिवी दिली, म्हणून मारलं." सदस्यांपैकी एकाने मान हलवली आणि कागदावर काहीतरी लिहिलं. ती मान हलवणं मला आवडलं नाही. खुर्शीदाकडे पाहिलं, तर ती टेबलाकडे बघत बसली होती.

सुमनबाई उठल्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं.

"शिवी त्याला नव्हती दिली," त्या म्हणाल्या.

"आई, गप बस."

"बाकीच्या बाया गेल्या व्हत्या. मुकादमानं दार लावून घेतलं. या आधी बी हात धरला व्हता त्यानं. मी कुनाला बोलले नाय, काम गेलं असतं. हा मला न्यायला सायकलवर आला व्हता. यानं दार ढकललं. अडसर तिथंच पडलेला व्हता."

"मॅडम, ती खोटं बोलती," कानिफ म्हणाला. त्याचा आवाज चिरकला, लहान पोराचा चिरकतो तसा.

दंडाधिकारी बाईंनी पेन खाली ठेवलं. "कानिफ, आई खोटं बोलते आहे?"

त्याने आईकडे पाहिलं. मग म्हणाला, "आता तिला घरी कोन नीट बोलंल?"

बाईंनी त्याला दुसरं काही विचारलं नाही. सुमनबाईंना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि पुढचं सगळं हळू आवाजात विचारून लिहून घेतलं. काही दिवसांनी निर्णय आला: कानिफला मंडळ स्वतःकडेच ठेवणार, त्याच्यावर मोठ्यांसारखा खटला चालणार नाही. चौकशी अजून चालू आहे. त्यातून तो सुटेलच असं मी म्हणत नाही. खुर्शीदाच्या शेजारी बसून मलाही ती सवय लागली आहे.

पण मला सांगायचं आहे ते त्याच दिवसाचं. खोलीतून बाहेर पडल्यावर सुमनबाई जिन्याच्या पायरीवर बसल्या. खाली नवनाथ मोटरसायकलला टेकून उभा होता. वर काय झालं याची त्याला काहीच कल्पना नव्हती. खुर्शीदा त्यांच्या शेजारी पायरीवर बसली.

"ताई," सुमनबाई म्हणाल्या, "पहिल्या दिवसापासनं तुम्ही माझ्याकडं वाकड्या नजरेनं बघत व्हत्या. एक पोरगा वाचवाया मी दुसरा पुढं केला, असं वाटत व्हतं ना तुम्हाला?"

"हो," खुर्शीदा म्हणाली. "माझं चुकलं."

"चुकलं नाय. पोरगा पुढं केलाच व्हता मी. नवनाथसाठी नव्हता केला, माझी अब्रू झाकायला केला, एवढंच."

मग त्या उठल्या, पदर नीट केला आणि नवनाथला सांगायला खाली गेल्या.