दत्ताचं मुंगूस, तोंडासकट

फोटो स्टुडिओ चालवला की फोटो गिऱ्हाईक घेऊन जातं आणि किस्से आपल्या गळ्यात राहतात! नव्वदच्या दशकात पेणला रामवाडीत आमचा स्टुडिओ होता. माझा पार्टनर दत्ता लग्नं काढायचा. तो "मान वर! हलू नका!" असं ओरडला की अख्खा मांडव ताठ व्हायचा. भटजीसुद्धा!

*

हा दत्ता रोह्याला मुलगी बघायला गेला आणि सुनंदाला बघून पार विरघळला. तिच्या वडिलांना सगळे भाऊ म्हणायचे. ते मात्र महाखडूस. "लग्नाचे फोटो काय, कोन पन काढतो!"

दत्ताने फुशारकी मारली, "मी जंगली प्राणीपण काढतो."

"मग एक आना. समोरून. चेहरा साफ दिसला पायजे. मग लग्नाचं बोलू."

दत्ताने तोवर मांडवातल्या कुत्र्याचाही फोटो काढला नव्हता.

*

आमच्याकडे वाघ कुठला? मुंगसं मात्र बांधाबांधावर. दत्ता सकाळभर मिठागराच्या बांधावर पालथा पडून राहिला आणि रोल संपवून आला. धुतला तर सगळ्या शेपट्या!

"पाठमोरं पन मुंगूसच हाय ना?" दत्ता रडवेला झाला.

"सासऱ्याला सांग तसं," मी म्हणालो.

*

मग आम्ही खांब गावाजवळ एका बांधावर आमिष म्हणून अंडी ठेवली आणि झुडपामागे दबा धरला. मुंगसाच्या आधी गवताचा भारा घेऊन दोघी बायका आल्या.

"अगो, ही कुनाची कोंबडी बांधावर अंडी घालते गो?"

"कुनाची का असेना. भर पदरात!"

या फोटोत चेहरे अगदी साफ आले.

*

दत्ता शेवटी जोहे गावात गणपती करणाऱ्या एका मूर्तिकाराकडे गेला. "मातीचं मुंगूस करून दे. गवतात ठेवून फोटो मारतो." मूर्तिकाराने हुबेहूब केलं. केस, शेपूट, डोळे, सगळं झकास. फक्त पुढच्या पायांत मोदक!

"उंदराची सवय हाय रे," तो म्हणाला. "हात आपोआप गेला!"

*

ही बातमी रोह्याला पोचली. भाऊ तडक आले. "आता माझ्यासमोर काढा. नायतर सुनंदाचं नाव इसरा!" दत्ताचं तोंड उतरलं. मला खरंच त्याची दया आली.

खांबच्या त्याच बांधावर मुंगूस आलं. शेपूट नेहमीप्रमाणे आमच्याकडे. भाऊ पलीकडच्या शेतात दबून बसले होते. आमच्याकडे पोरं मुंगसाला रामाची शपथ घालतात, मग ते तोंड दाखवतं म्हणे. भाऊंचा धीर सुटला. ते ताडकन उठून ओरडले, "तुला रामाची शपथ हाय! तोंड दाखव!"

आणि मुंगूस गर्रकन वळलं. आमच्याकडे तोंड करून चक्क दोन पायांवर उभं राहिलं! दत्ताने कॅमेरा डोळ्याला लावला आणि सवयीने बोंबलला, "मान वर! हलू नका!"

मुंगूस पसार. क्लिक मात्र झालं.

रोल धुतला. बांध रिकामा होता. त्यामागे भाऊ उभे होते, मान वर, छाती पुढे, डोळे वटारलेले. अजिबात हललेले नव्हते!

दत्ता एकटा जायला तयार होईना, म्हणून मीही रोह्याला गेलो. फोटो बघून भाऊ लालबुंद झाले. सुनंदाच्या आईने तो त्यांच्या हातातून घेतला, दारातल्या उजेडात नेला आणि निरखून बघितला.

"समोरून हाय. चेहरा पन साफ दिसतोय," ती म्हणाली. "सुनंदा, साखर आन गो!"