पाहुण्यांसाठी लावलेली लेन्स

मंडळी, आज डोकं फिरलंय माझं, म्हणून इथं लिहून राहिली.

मले मायनस पाचचा चष्मा आहे. नोकरी सिलतऱ्याच्या प्लांटमध्ये, तिथल्या धुळीत दर घंट्याले काच पुसा. म्हणून लेझर करायचं ठरवलं. डॉक्टरनं बजावलं होतं, तपासणीच्या आधी पंधरा दिवस कॉन्टॅक्ट लेन्स लावायची नाही. लेन्सनं कॉर्नियाचा आकार बदलते, मग मशीनचं माप चुकते.

तेरा दिवस पाळलं. परवा रविवारी पाहुणे आले मले पाहाले. आई म्हणे, "चष्म्यात नको बसू बाई, एका दिवसानं काय होते?" लावली. पाहुणे सकाळी आले ते जेवून, चहा घेऊन संध्याकाळी उठले.

आज सुट्टी टाकून आईसंगं दवाखान्यात गेली. डॉक्टरनं स्क्रीनवरचा कॉर्नियाचा नकाशा पाहिला. "बेटा, बीच में लेन्स लगाया था क्या?"

मी आईकडे पाहिलं. आई पंख्याकडे पाहून राहिली.

"इस नाप पर ऑपरेशन नहीं करूँगा. नंबर रह जाएगा." आता पुन्हा पंधरा दिवस, पुन्हा सुट्टी, पुन्हा साहेबाचं तोंड.

रिक्षात आई म्हणे, "मले काय माहीत, डोळाही इतका रुसते म्हणून?"

खरं सांगू, आईवर राग अर्धाच आहे. पाहाले आलेला पोट्टा सोड्याच्या बाटलीसारखा जाड चष्मा लावून दिवसभर आरामात बसला होता. त्याले कोणी म्हटलं असंल का, काढ म्हणून?

तुमच्या घरी म्हणते का कोणी?