फिट होईल, असं लिहून द्या

दुकानदार ‘फिट होईल’ म्हणाला, तेव्हा तुम्ही ते त्याच्याकडून कागदावर लिहून घेतलंत का?

मी घेतलं नाही. कुणी शिकवलं नव्हतं, असं म्हणायचीही सोय नाही. माझे वडील गिरणीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. युनियनची पत्रकं काळाचौकीच्या आमच्या खोलीत यायची आणि मी त्यांच्या घड्या घालायची. अक्षरं मी त्या मथळ्यांवरच शिकले. प्रत्येक पत्रकात कुठे ना कुठे एक गोष्ट असायचीच: तोंडी आश्वासन घेऊ नका, लेखी मागा.

तरी मी फसले, आणि तेही चाकांच्या बाबतीत.

गाडी सेकंडहँड आहे. दोन दारांची स्पोर्ट्स कार, मागे नावापुरत्या दोन सीट. आधीच्या मालकाने आखूड स्प्रिंग टाकून ती दीड इंच खाली बसवलेली. ती आणली त्या दिवशी बाबा म्हणाले, “काय गो, मालकाची गाडी घेऊन इलंस?” देखण्या वस्तू फक्त श्रीमंतांनी वापराव्यात हे मला मान्य नाही. त्यांना तसं सांगितलं, तर म्हणाले, “तां खरा. पण ह्येच्यात बसूचा म्हणजे जमिनीवर मांडी घालून बसल्यासारखा.” त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. दर शनिवारी त्यांना व्यायामासाठी शीवला न्यायचं, ते याच गाडीतून.

गाडी खाली बसवली की चाकं थोडी तिरकी होतात आणि टायर आतल्या बाजूने झिजतात. माझे पार गुळगुळीत झाले होते. टायर बदलायचेच आहेत तर एक इंच मोठे अलॉय, म्हणजे हलक्या धातूची चाकंही घेऊ, असं मी ठरवलं. तिथून डोकेदुखी सुरू झाली.

दादरच्या दुकानदाराने मला फोनवर फोटो दाखवले. मी ऑफसेट विचारला. चाक आत किती राहील आणि बाहेर किती येईल, ते या आकड्यावर ठरतं. तो माझ्या मागे बघत म्हणाला, “भाऊ आलाय का बरोबर?” गाडी माझी आहे म्हटल्यावर म्हणाला, “मग ताई, काळा घ्या. लेडीजना काळा आवडतो.”

माहीमचा दुकानदार त्याहून तुसडा. त्याने माझ्या कागदावरची मापं वाचली, एकदा गाडीकडे पाहिलं आणि म्हणाला, “रिकामी गाडी मापून काय उपयोग? घरची माणसं भरून आणा, मग बोलू.” मला वाटलं, हाकलतोय. रागाने मी कागदाची घडी केली आणि निघाले.

शेवटी गेले आमच्या काकांकडे. काका म्हणजे नात्याने कोणी नव्हेत. आमच्या गणपती मंडळाचे जुने कार्यकर्ते. आगमनाच्या मिरवणुकीत मला खांद्यावर घेतलेला माणूस. काळाचौकीच्या नाक्यावर त्यांचं टायरचं दुकान आहे. त्यांनी मूळ चाकापेक्षा एक इंच मोठं आणि एक इंच रुंद अलॉय काढलं. त्याचा ऑफसेटही दहा मिलिमीटरने कमी होता, म्हणजे चाक आणखी बाहेर येणार. मी कागदावर हिशेब केला: चाकाची कड जवळजवळ तेवीस मिलिमीटर बाहेर सरकत होती.

“काका, मडगार्डला लागेल.”

“नाही गं लागत. फिट होईल.”

“लिहून द्याल?”

दुकानात मंडळातले आणखी दोघं बसले होते. काका हसले. “ऐकलंत का? बापाची पोर. आता माझ्याकडूनपण करार करून घेतेय.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “घरातली पोर आहेस तू. तुला चुकीचं देईन?”

मी कागद पिशवीत टाकला. आपल्या माणसाकडे लेखी मागायचं नाही, हा नियम कुठल्याच पत्रकात छापलेला नव्हता, पण माझ्या अंगात तो पत्रकांपेक्षा खोल गेलेला होता. वर्गणीची पावती बिनदिक्कत फाडणारे आम्ही, पण काकांकडे चार ओळी मागताना माझे कान लाल झाले. अलॉय बसवले. रिकाम्या गाडीत स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून पाहिलं. कुठेही लागलं नाही. काका म्हणाले, “बघ.”

दुसऱ्या दिवशी दसरा. चाळीच्या दारात गाडीला झेंडूचा हार, चारही चाकांखाली लिंबं. लिंबं चिरडून गाडी पुढे गेली आणि सगळ्यांनी हात जोडले. बाबा पुढे, आई आणि आत्या मागे, आत्याच्या मांडीवर मिठाईचे डबे. गिरगावात मावशीकडे सोनं द्यायला निघालो.

लालबागच्या पहिल्याच स्पीडब्रेकरवर मागून आवाज आला. खर्रर्र.

“डबा घसरला काय?” आत्याने विचारलं.

डबा तिच्या हातातच होता. पुढच्या स्पीडब्रेकरवर पुन्हा आवाज. पुढे प्रत्येक खड्ड्यात. गिरगावात पोचेपर्यंत गाडीत जळक्या रबराचा वास भरला होता. बाबा दाराला धरून सावकाश उतरले. मागच्या चाकाशी वाकले आणि टायरच्या बाहेरच्या बाजूवरून बोट फिरवलं. मडगार्डच्या कडेने तिथे गोल चर पाडला होता, सुरीने ओढल्यासारखा.

“दोन-चार फेऱ्यांत टायर फुटलो असतो,” ते म्हणाले. मग विचारलं, “लिहून घेतलं होतंस?”

“आपले काका आहेत, बाबा.”

त्यांनी काळं झालेलं बोट रुमालाला पुसलं. परतताना तिघं टॅक्सीने गेले. टॅक्सीत बसताना बाबा एवढंच म्हणाले, “ह्या चाकांवर मी बसूचंय नाय.” मी रिकामी गाडी रांगत घरी आणली. स्पीडब्रेकर आला की जवळजवळ थांबायची.

सकाळी काकांकडे गेले. ते म्हणाले, “चालवलेला माल परत कसा घेऊ?” मग म्हणाले, “मडगार्डची कड आत ठोकून देतो.” आणि शेवटी, “मागे माणसं कशाला बसवतेस गं? स्पोर्ट्स गाडी आहे ती.”

मी कागद काउंटरवर ठेवला. वर लिहून आणलं होतं: मागे दोन माणसं बसवून, खड्ड्यातून नेऊनही टायर कुठे घासणार नाही. “कड ठोका आणि खाली सही करा.”

काकांनी पेन उचललं. वाचलं. पुन्हा वाचलं. पेन खाली ठेवलं. “असं लिहून नाही देता येत.”

हे मला दोन दिवस आधी कळलं असतं, मी फक्त लाजले नसते तर. मंडळात काका अजून भेटतात, बोलतातही. पण आता त्यांच्या हसण्याचा मला राग येतो, आणि त्याहून जास्त माझ्या लाजण्याचा.

शनिवारी माहीमला गेले, रिकाम्या गाडीत जुनी चाकं टाकून; घरचे मागून टॅक्सीने आले. त्या तुसड्या माणसाने माझी मूळ चाकंच परत लावली, मूळ मापाच्या नव्या टायरसकट, आणि मग सगळ्यांना गाडीत बसवलं. आई आणि आत्या मागे बसलेल्या असतानाच त्याने मडगार्ड आणि चाकाच्या मधे बोटं घालून पाहिली. कुठेच घासत नव्हतं. न मागता बिलाच्या पाठीवर लिहून दिलं की इतक्या माणसांना घेऊन तपासलं आहे. बाबांनी ते दोनदा वाचलं, खिशात ठेवलं आणि म्हणाले, “चल, शीवला उशीर होतोय.”

म्हणून तुम्हाला सांगते. तुमची गाडी खाली बसवलेली असेल आणि नवी चाकं घ्यायची असतील, तर घरची माणसं बसवून दुकानात जा. माझ्या कागदावरची ती ओळ उतरवून घ्या आणि नट आवळण्याआधी दुकानदारापुढे ठेवा. तो तुमचा काका असेल, तर सगळ्यात आधी ठेवा. त्याने पेन खाली ठेवलं, तर गाडी सुरू करा आणि निघा.