दुकानाच्या दारावरची मोटार

निजामाच्या राज्यात सरकारी कागद उर्दूत यायचा, आणि आमच्या गावात उर्दू वाचणारं कोणी नव्हतं. तरी तो माझ्या किराणा दुकानाच्या दारावर लावायचा हुकूम असे. एकदा मी बीडला गेलेलो असताना तहसीलचा चपराशी नोटीस टाकून गेला. त्याच दिवशी पोरानं फोडलेल्या घासलेटच्या पेटीतून आणखी एक उर्दू कागद निघाला, आणि मी परतलो तर दोन्ही कागद गल्ल्यावर एकत्र पडलेले. एकावर रंगीत मोटारीचं चित्र होतं. सरकारचा कागद देखणाच असणार, म्हणून मी मोटार दारावर चिकटवली आणि दुसऱ्या कागदात पाटलांची तंबाखू बांधून दिली.

"अप्पा, काय लिवलंय ह्याच्यात?" गिऱ्हाइकं विचारू लागली. मला वाचता येत न्हाई, असं म्हणायला जीभ रेटेना.

"लई मोठा साहेब येणार हाय मोटारीत," मी ठोकून दिलं.

पाटील हबकले. त्यांनी माणसं लावून रस्ता झाडला, खड्डे बुजवले, गाड्या-गुरं ओढ्याकडून वळवली.

आठ दिवसांनी चपराशी आला. रस्ता पाहून तो खूश झाला, पण दारावरचा कागद वाचून पोट धरून हसायला लागला. ती मोटार विकायची जाहिरात होती.

"मग तुमच्या नोटिशीत काय होतं?" मी चाचरत विचारलं.

"आठ दिवसांत गावचा रस्ता साफ करा, न्हाई तर पाटलाला दंड."

जाताना त्यानं ती मोटार हलक्या हातानं सोडवून घेतली. पुढच्या गावात लावायला.